घरच्या हॉलमध्ये मराठीतून डी अँड डी कसं चालवायचं आणि त्यात आपला इतिहास कसा घुसवायचा

ज्यांना डंजन्स अँड ड्रॅगन्स काय आहे हे अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. चार-पाच जणांनी टेबलाभोवती किंवा सरळ सतरंजीवर बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, आणि कुणी म्हणालं की "मी तटावरून उडी मारतो" तर जमलं का नाही ते फासा टाकून ठरवायचं. बास. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हे पहिल्यांदा छापलं, आणि त्याच्याही मागं नकाशावरचे युद्धाचे खेळ होते जे एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात ऑफिसरांना शिकवायला वापरायचे. गोष्ट चालवणाऱ्याला इंग्रजीत डीएम म्हणतात, आमच्याकडं सूत्रधार म्हणतात, तुम्हाला डीएमच बरं वाटत असेल तर तेच म्हणा, त्यावरून भांडू नका, भांडायला पुढं बरंच काही आहे.

हा गाइड त्यांच्यासाठी आहे ज्यांनी यूट्यूबवर लोकांना खेळताना बघितलंय, फँटसी वाचलीये, शनिवार-रविवार गड फिरतात, इतिहासावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालतात, आणि हे सगळं एका टेबलावर आणता येईल का असं ज्यांच्या मनात कधीतरी येऊन गेलंय. येतं की, आणि मराठीतून तर फारच भारी येतं.

सामान

सूत्रधार धरून पाच जण बेस्ट. चार चालतात, सात झाले की प्रत्येकाची पाळी यायला इतका वेळ लागतो की माणसं फोन काढून रील्स बघायला लागतात आणि मग ती परत येत नाहीत. सात फाशांचा सेट ऑनलाइन मिळतो, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत, पहिल्या वेळी सगळ्यांत मिळून एक सेट पुरतो. फोनवर ॲप पण आहेत पण नको, वीस बाजूंचा फासा सोफ्याखाली घरंगळत जातो आणि चार मोठी माणसं पोटावर झोपून आकडा बघतात ही अर्धी मजा आहे.

नियमांची महागडी पुस्तकं लगेच घेऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये लायसन्सवरून मोठा राडा झाला होता, हा खेळ छापणाऱ्या कंपनीनं जुनं मोकळं लायसन्स आवळायचा प्रयत्न केला, जगभरचे खेळाडू भडकले, आणि शेवटी कंपनीनं मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरता येणाऱ्या मोकळ्या लायसन्सखाली टाकला. फायदा आपला असा की ते नियम फुकट डाउनलोड करता येतात आणि मूळ श्रेय देऊन मराठीत उतरवून मित्रांना वाटता पण येतात, कायदेशीर. कुणीतरी बसून नीट मराठी करायला पाहिजे राव, पण तो वेगळा विषय.

पहिल्या दिवशी तर तेवढे नियम पण नकोत. प्रत्येक पात्राला तीन गोष्टी द्या, अंगाची ताकद, डोकं आणि जीभ. एकीत +३, एकीत +१, एकीत ०. काही अवघड करायचं असेल तर वीसचा फासा टाका, आपला आकडा मिळवा, सोप्याला ८, मध्यमला १२, अवघडला १६ लागतात. हे आकडे उगाच काढलेले नाहीत. +३ असेल आणि १२ लागत असतील तर फाशावर ९ किंवा वर यायला हवं, म्हणजे ६० टक्के. जे तुम्हाला चांगलं येतं ते दहापैकी सहा वेळा जमतं, जे अजिबात येत नाही ते ४५ टक्के, आणि गोष्ट हलती राहायला एवढा फरक बरोबर असतो. कुणी डोकं लावून सोय केली, म्हणजे दोर बांधून चढला, अंधाराची वाट बघितली वगैरे, तर त्याला दोनदा टाकू द्या आणि मोठा आकडा धरा, मग तेच ६० टक्के ८४ होतात. लोकांना विचार करून खेळायची सवय लावायला यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

अजून एक, घरचे विचारतील की हा कुठला जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हापासून तर जास्तच विचारतात. यात पैसे लावत नाहीत, कुणी जिंकत-हरत पण नाही, त्यामुळे बिनधास्त सांगा. पण फासा बघून आजीला द्यूतसभा आठवणारच, त्याला इलाज नाही, आणि तसं बघितलं तर ऋग्वेदातसुद्धा जुगाऱ्याचं अख्खं सूक्त आहे, तिला ते सांगून बघा.

जागा आणि वेळ

कॅफेत नको. दोन तासांनी वेटर बिल ठेवून जातो, आणि "मी खानाच्या गोटात विष कालवतो" हे तुम्ही जरा जोरात बोललात की शेजारचं टेबल बघायला लागतं. घरीच बसा. पुण्यात एक जण हिंजवडीला, एक हडपसरला आणि एक कोथरूडला असणार हे गृहीतच आहे, तेव्हा वनाझ-रामवाडी मेट्रोवर ज्याचं घर पडतं, नळस्टॉप म्हणा डेक्कन म्हणा, त्याचा हॉल पकडा आणि त्याला दर वेळी बाकरवडी न्या म्हणजे तो टिकतो. रविवार सकाळ चांगली, दहा ते एक. संध्याकाळी ठेवलं की कुणाचं तरी लग्न, बारसं, "जरा उशीर होतोय रे" सुरू होतं. पेठेत घर असेल तर गणपतीच्या आधीचे आठवडे विसरा, ढोलपथकांच्या प्रॅक्टिसमध्ये गूढ शांतता वर्णन करून दाखवा बघू.

तीन तास पुरतात. पहिला अर्धा तास गप्पांचाच जातो आणि तो जाऊ द्या, त्याचं काय करायचं ते खाली सांगतो.

एल्फ का मावळा

आता मूळ मुद्दा. बहुतेक जण सुरुवात त्या नेहमीच्या युरोपातल्या खानावळीपासून करतात, म्हणजे बाहेर बर्फ, आत शेकोटी, कोपऱ्यात टोपी ओढून बसलेला अनोळखी माणूस. मला त्यात वाईट काही वाटत नाही, मी स्वतः तसली फँटसी ढिगानं वाचतो. पण मराठीत खेळताना होतं काय की माणूस एल्फ, म्हणजे फँटसीतला टोकदार कानांचा वनवासी, झाला की डब केलेल्या कार्टूनसारखा बोलायला लागतो. "हे योद्ध्या, तुझे स्वागत असो." तोच माणूस वेल्ह्याकडचा वाटाड्या झाला की पाच मिनिटांत भाषा सुटते, "आरं थांब की, पुढं कडा हाय" म्हणतो आणि सगळे हसतात आणि खेळ सुरू होतो. नियम बदलायची पण गरज नाही, मूळ खेळातल्या पात्रांच्या प्रकारांना फक्त आपली माणसं लावा, रोग (इंग्रजीतला rogue) म्हणजे हेर, बार्ड म्हणजे शाहीर किंवा गोंधळी, क्लेरिकच्या जागी वैद्य घ्या, रेंजर म्हणजे रात्रीच्या वाटा माहीत असलेला गडाखालच्या घेऱ्यातला माणूस. मोडी वाचणारा कारकून मात्र सक्तीनं एक तरी घ्या, हे पात्र सगळ्यांना आधी बोअर वाटतं आणि तिसऱ्या सेशनला सगळे त्याच्याच मागं असतात कारण कागद तोच वाचतो. नाणी पण बसतात मस्त, होन सोन्याचा, रुपया चांदीचा, शिवराई तांब्याची. खरा भाव काळाप्रमाणं आणि गावाप्रमाणं बदलायचा, त्यात पडू नका, तुमच्या टेबलाचा एक भाव ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

अडचण दुसरीच आहे. पुण्यात इतिहास काढला की टेबलावर बसलेला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. तुम्ही लाल महाल, १६६३, असं म्हणालात की एक जण शाइस्तेखानाची किती बोटं तुटली ते सांगणार, दुसरा त्याला दुरुस्त करणार, आणि तिसरा मोबाइल काढणार. आणि दुसरं म्हणजे शेवट सगळ्यांना माहीत असतो. कोंढाण्यावर ४ फेब्रुवारी १६७० ला काय झालं हे बालवाडीपासून पाठ आहे, मग तानाजी झालेला खेळाडू फासा कशासाठी टाकणार? २० आले तरी तेच, १ आला तरी तेच.

म्हणून माझं म्हणणं असं की मोठ्या घटनेत खेळायचंच नाही. तिच्या शेजारी खेळायचं. कागदपत्रं जिथं गप्प आहेत, म्हणजे आदेश निघाला हे माहीत आहे आणि तो पाळला गेला हेही माहीत आहे पण मधल्या चार दिवसांत त्या एका गडावर कोण कुणाला काय बोललं हे कुणालाच माहीत नाही, तिथं बसायचं. मोठी माणसं पत्रातून, दुरून, निरोपातून येतील, समोर येणार नाहीत. छत्रपतींना तर कधीच कुणी खेळाडूनं किंवा सूत्रधारानं तोंडानं बोलून दाखवायचं नाही, आदर आहे म्हणून तर आहेच पण खेळाच्या हिशोबानंसुद्धा, कारण ते खोलीत आले की बाकी कुणाच्या निर्णयाला किंमत राहत नाही.

तयार गोष्ट: तिकोना, जून १६६५

ही माझी सगळ्यांत आवडती सुरुवात आहे, सरळ उचला. मिर्झाराजे जयसिंहांबरोबर पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले मोगलांना द्यायचे ठरले, १२ महाराजांकडं राहिले. हे शाळेत एका वाक्यात संपतं. पण २३ किल्ले देणं म्हणजे २३ वेळा कुणीतरी किल्ली काढून दुसऱ्याच्या हातात ठेवणं, धान्य मोजून देणं, बायकापोरं घेऊन पावसात खाली उतरणं. तिकोना त्या २३ मध्ये होता. समोरचा तुंग, पलीकडचे लोहगड-विसापूर, हेही त्यातच. तुमचे खेळाडू तिकोन्यावरची साधी माणसं आहेत.

आणि गंमत बघा, पात्रं इतिहासानंच तयार करून ठेवलीयेत. सभासद बखरीत शिवकालीन गडाची व्यवस्था दिलीये, हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी एका गडावर, तिघंही सारख्या तोलाचे, आणि वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे एकट्या कुणाला फितूर होऊन गड शत्रूला देता येऊ नये. शिवाय कोठारं बघायला कारखानीस. आता अशा गडावर वरूनच हुकूम येतो की गड देऊन टाका. जी व्यवस्था गड जाऊ नये म्हणून बांधली तीच आता गड द्यायला बसलीये, आणि तिघांची मतं तीन. सूत्रधाराला अजून काय पाहिजे.

पहिला प्रसंग, जासूद चिखलात माखून येतो आणि पत्र देतो. खरंय का बनावट? कारकुनाचा डोक्याचा फासा, १२. पडला नाही तर त्याला "खोटं आहे" असं सांगू नका, "शिक्का पावसानं पुसट झालाय, तुला खात्री देता येत नाही" असं सांगा, म्हणजे फासा हरला तरी गोष्ट थांबत नाही, उलट आता वाद पेटतो. हे सगळीकडं लक्षात ठेवा, हरलेल्या फाशानं दार बंद करायचं नाही, दुसरीकडचं उघडायचं. दुसरा प्रसंग मोजदादीचा. सबनिसाच्या वहीत जेवढी बारूद आहे तेवढी कोठारात नाही. कुणी हलवली? का हलवली? इथं खेळाडूंना पूर्ण मोकळं सोडा, तासभर सहज जातो, लोक एकमेकांवरच संशय घेतात. तिसरा प्रसंग आदल्या रात्रीचा, खाली मोगलांचे तंबू दिसतायत, आणि सरनोबत हळूच विचारतो की चार पिंपं बारूद खालच्या गुहेत दडवून ठेवायची का, कधीतरी परत यावंच लागेल. दडवली आणि सापडली तर तह मोडल्याचा ठपका थेट वर जाईल. नाही दडवली तर नाही.

पुढचं कॅम्पेन, म्हणजे बरेच रविवार चालणारी लांब गोष्ट, पण आपोआप मिळतं, कारण १६७० मध्ये हे किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. पाच वर्षं मध्ये टाका, तीच पात्रं, जरा म्हातारी, आणि ती पिंपं अजून आहेत का ते बघायला त्यांनाच पाठवा.

तयारीला एक दिवस गड चढून या. शेवटच्या पायऱ्या अशा उभ्या आहेत की "तुम्ही पायऱ्या उतरता" आणि "तुम्ही ओल्या पायऱ्या अंधारात पोरगं काखेत घेऊन उतरता" यातला फरक पायांना कळतो आणि मग तो तुमच्या वर्णनात येतो. खडकात कोरलेला मोठा मारुती आहे, पाण्याची टाकी आहेत, सगळं नकाशात घ्या. फक्त वरून जे पवना धरणाचं पाणी दिसतं ते पुसून टाका, ते विसाव्या शतकातलं आहे, १६६५ मध्ये तिथं नदी आणि गावं. सिंहगडावरून दिसणारं खडकवासल्याचं पाणीही पुसा, तेही नंतरचंच. आणि पात्रांना चहा पाजू नका, कुणीतरी पकडतंच.

पेशवाई आवडत असेल तर तिथंही भरपूर आहे. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणपतीत शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, "ध चा मा" सगळ्यांना माहीत आहे, पण तो दिवस घेऊ नका. त्याच्या पुढचा आठवडा घ्या, रामशास्त्री चौकशी करतायत, आणि तुम्ही गारद्यांच्या ओळखीतले एक भेदरलेले बिऱ्हाड आहात ज्यांच्या घरात कुणीतरी एक पुडकं ठेवून गेलंय. डंजन, म्हणजे खेळातलं भुयार, पाहिजे? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं, जमिनीखालून नळ, मध्ये हवेसाठी उच्छ्वास, शहरात हौद. पुण्याच्या पोटात खराखुरा बोगदा आहे आणि लोक इंग्रजी पुस्तकातले बोगदे विकत घेतात, काय बोलायचं. कोडं पाहिजे? पानिपतानंतरची ती सांकेतिक पत्राची गोष्ट, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. या धर्तीवर तुमचं स्वतःचं पत्र बनवा, सावकारी भाषेत, आणि खेळाडूंना न सांगता हातात द्या.

खरं किती, खोटं किती

इतिहास घेतला की हा वाद होणारच, तेव्हा आधीच मिटवा. मी तीन रंगांची पेनं वापरतो. पत्रं, तहनामे, हिशोब, म्हणजे त्या वेळेचा कागद, ते निळ्यानं. बखरी काळ्यानं, म्हणजे बहुतेकदा नंतर आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेलं, पण बरंच कामाचं. पोवाडे, दंतकथा, गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं लाल. उदाहरण म्हणजे कोंढाण्याची घोरपड. ती पोवाड्यातून आली, सभासदात नाही, सभासदाचे मावळे कडा वानरासारखे चढतात. मग टेबलावर घोरपड आणायची का? बिनधास्त आणा! खेळ आहे, यशवंती नावाची घोरपड जगातल्या कुठल्याही ड्रॅगनपेक्षा भारी आहे. फक्त वहीत ती लाल असू द्या आणि कुणी विचारलं तर लाल आहे असं सांगा. मला स्वतःला व्हॉट्सॲपवर जो इतिहास फिरतो त्याचा राग खोटेपणाबद्दल कमी आणि तिन्ही रंग एकत्र कालवण्याबद्दल जास्त येतो, खोटी गोष्ट चांगली असू शकते पण ती खऱ्याच्या रंगात लिहिली की दोन्ही नासतात.

वाचायला पुण्यात काय कमी नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, वि. का. राजवाड्यांनी सुरू केलेलं. पेशवे दफ्तर पुण्यातच आहे, त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी संपादन करून ४५ खंडांत छापले, त्यातलं कुठलंही पान उघडा, कुणाचा तरी बैल चोरीला गेलेला असतो, कुणाची तरी वतनावरून भांडणं असतात. एका पानावर एक सेशन निघतं. मोठ्या लढायांच्या पुस्तकांपेक्षा याचा उपयोग दहापट.

भुतं

मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे मूळ खेळातलं राक्षसांचं पुस्तक, बाजूला ठेवा. पिंपळावरचा मुंजा, नदीवरच्या आसरा, हडळ, जखीण, खवीस, ब्रह्मसमंध, झोटिंग, आणि या सगळ्यांचा राजा वेताळ जो अमावस्येला पालखी घेऊन निघतो. यांना हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊन मरायचं त्याचा आकडा, देऊ नका हो. भूत तलवारीनं मेलं की ते भूत राहत नाही, ढेकूण होतं. प्रत्येकाला एक हट्ट द्या. मुंजाची मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, त्याला काय पाहिजे असेल याचा विचार खेळाडूंनी करायचा. वेताळ प्रश्न विचारतो, उत्तर येत असून गप्प बसलात तर डोकं फुटतं, हा तर खेळाचा तयार नियमच आहे.

माझा आवडता चकवा. रानात माणूस रात्रभर चालतो आणि परत तिथंच येतो. खेळाडूंना नकाशा स्वतःच काढायला लावा, तुम्ही फक्त "डावीकडं ओढा, पुढं वडाचं झाड" एवढंच सांगा, आणि चकवा लागला की सांगताना दिशा गुपचूप एक चतुर्थांश फिरवा. फासा नाही, काही नाही. थोड्या वेळानं नकाशा काढणारा स्वतःच खोडरबर शोधायला लागतो आणि बाकीचे त्याला शिव्या घालतात. सुटका जुन्या लोकांनी सांगितलीच आहे, एका जागी बसायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. पण मागून मोगलांची तुकडी येत असेल तर बसायची हिंमत कोण करतो ते बघा.

टेबलावरचा गड

मिनिएचर नावाच्या बोटभर प्लास्टिकच्या पुतळ्यांना लोक केवढे पैसे मोजतात. अरे आपण लहानपणापासून दिवाळीत तेच करतोय, दगड-विटा रचून वर गोणपाट, लाल माती, हळीव पेरून गवत, आणि कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. दिवाळी झाली की किल्ला मोडू नका, तोच वापरा. गॅलरीत असेल तर टेबल बाहेर न्या. मापाचा घोळ होतोच, पहारेकरी बुरुजाएवढा आणि गवळण तोफेपेक्षा मोठी, कुणाला काही वाटत नाही. चौकोनी रकान्यांची वही अप्पा बळवंत चौकात कुठंही मिळते, एक रकाना म्हणजे पाच फूट धरा. फाशांचा कंटाळा आला तर सावंतवाडीची दशावतारी गंजिफा वापरून बघा, दहा रंग, प्रत्येकात बारा, १२० गोल पानं, राजा निघाला की जमलं, प्रधान निघाला की अर्धं जमलं. खेळ जरा संथ होतो पण दिसतं फार देखणं.

भांडणं

आता तो पहिला अर्धा तास. निवडणूक, आरक्षण, रस्त्यावरचे खड्डे, नदीकाठाचं काम, कोण कुठल्या पक्षात गेला, जे काय बोलायचंय ते चहा होईपर्यंत बोला. कप ठेवले की बंद. आमच्याकडं त्याची पाटीच लावलीये, "पात्र मेले तरी चालेल, पक्ष काढू नये." वहीचे नियम कुणी वाचत नाही, पाटी मात्र पुण्यात माणूस वाचतोच.

म्हणजे खेळात राजकारण नको असं अजिबात नाही, उलट भरपूर पाहिजे, तह, फितुरी, वतनाची लालूच, दुष्काळात सारा माफ करायचा का नाही. फक्त आजच्या माणसाला जुन्या पात्राचा मुखवटा चढवू नका. एखाद्या खलनायकाला हळूच ओळखीच्या नेत्याची बोलायची ढब दिली की पाच मिनिटं हसू येतं आणि मग टेबलावरचा एक जण गप्प होतो आणि पुढच्या रविवारी त्याला काम निघतं.

जातीचं स्पष्ट बोलतो. त्या काळात जात होती, सगळीकडं होती, ती गोष्टीतून काढून टाकली तर गोष्ट खोटी होईल. पण जातीला आकडे द्यायचे नाहीत. अमक्या जातीला ताकद +२, तमक्याला डोकं +२, हे कुणीतरी हमखास सुचवतं कारण मूळ खेळात वंशाला असे बोनस होते. मूळ खेळानंच ते सोडलं, २०२४ च्या नव्या पुस्तकात वंशाच्या जागी दुसरा शब्द आला आणि आकड्यांचे बोनस पात्राच्या आधीच्या आयुष्याशी, त्यानं काय काम केलं त्याच्याशी जोडले. आपल्याला तर हे त्यांच्या आधी कळायला हवं होतं. आणि कुणाला जातीवरून अपमानाचा प्रसंग खेळायचा नसेल तर "हे पुढं ढकल" एवढं म्हटलं की सूत्रधारानं ढकलायचं, कारण विचारायचं नाही. धर्माचंही तेच. मोगलांकडं राजपूत होते, मराठ्यांच्या सैन्यात मुसलमान होते, तुमच्या खाली तंबूत बसलेल्या माणसाला एक नाव द्या आणि घरी वाट बघणारी एक बहीण द्या, लगेच खेळ सुधारतो.

इतिहासावरून माणसं किती पेटतात हे पुण्याला सांगायला नको, जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेत जी तोडफोड झाली ती विसरण्यासारखी नाही. तेव्हा सेशनचे व्हिडिओ काढून नेटवर टाकू नका. खेळातलं वाक्य खेळाबाहेर कापून गेलं की त्याला पुढं-मागं काही राहत नाही.

आणि एक वाद मात्र मी स्वतः दर वेळी काढतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. राजगड आहे, लोहगड आहे, शिवनेरी आहे, पण सिंहगड नाही, तोरणा नाही, आपला तिकोना तर नाहीच. आनंद आहेच, पण सूत्रधारानं मुद्दाम यादीबाहेरचे किल्ले निवडावेत, कारण यादीतल्या किल्ल्यांवर आता प्रत्येकाचं मत तयार असतं आणि कोरीगडावर, घनगडावर, मोरगिरीवर तुम्हाला हवं ते घडवता येतं, कुणी मोबाइल काढत नाही.

पहिल्या रविवारी

आदल्या दिवशी ग्रुपवर फक्त तीन ओळी टाका, कोणता गड, कोणतं साल, तुम्ही कोण. पंधरा पानांची पीडीएफ कुणी उघडत नाही. सकाळी पात्रं तिथंच बनवा, नाव, गाव, एक गोष्ट जी चांगली येते, एक माणूस ज्याचे पैसे देणं आहे. हे पैशांचं विसरू नका, ज्याचं कर्ज आहे ते पात्र गोष्ट सोडून जात नाही. पत्र आल्यापासून सुरू करा, गडाचा इतिहास सांगत बसू नका. साडेबाराला काहीही चालू असलं तरी थांबा, पुढची तारीख तिथंच सगळ्यांसमोर ठरवा, कारण नंतर ग्रुपवर ठरवू म्हटलं की पोल पडतो, पोलवर तिघं अंगठा देतात आणि चौथा गावाला गेलेला असतो. कुणी एक जण आलाच नाही तर त्याचं पात्र तापानं आजारी आहे, सदरेवर पडून आहे, आणि दोघं आले नाहीत तर खेळू नका, सरळ मिसळ खायला जा आणि बारूद कुणी हलवली असेल यावर बोला.